असोदे नेमके कोणते?

जळगाव शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर, तापीच्या काळ्या कसदार पट्ट्यात असोदे हे गाव आहे. ऑगस्ट १८८० मध्ये या गावातील महाजनांच्या घरात एक मुलगी जन्माला आली. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींशी तिचा विवाह झाला. ती कधी शाळेत गेली नाही, अक्षर गिरवले नाही. पण जात्यावर, शेताच्या बांधावर, चुलीपुढे तिच्या तोंडून जे उमटले त्याने मराठी काव्याची एक संपूर्ण खोली उजळली. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती गेली आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, पुत्र सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राच्या हाती आली. असोदे हे त्या बहिणाबाईंचे माहेर.

असे हे गाव रोमन लिपीत लिहून शोधू पाहणाऱ्याच्या समोर मात्र एक गाव येत नाही, गावांची रांग उभी राहते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात विजापूर तालुक्यात एक असोडा आहे. तेथील जसमलनाथ महादेवाचे सोळंकीकालीन शिवपंचायतन मंदिर शिल्पकलेच्या अभ्यासकांना परिचित आहे. हरियाणात बहादूरगडजवळ, दिल्ली-रोहतक लोहमार्गावर आसौदा आहे. तेही एक नव्हे, आसौदा टोडरान आणि आसौदा सिवान अशी दोन. उत्तर प्रदेशात हापूडजवळ असौडा आहे. एकाच्या नावात ‘दा’, दुसऱ्याच्या नावात ‘डा’. कोठे आरंभी ऱ्हस्व ‘अ’, कोठे दीर्घ ‘आ’. कोठे ‘सो’, कोठे ‘सौ’. त्या त्या गावच्या म्हातारीला विचारले तर ती ही नावे कधीही एकमेकांत मिसळू देणार नाही. परंतु इंग्रजी पाच अक्षरांच्या साच्यात ती घातली की सगळी एकच होतात. खान्देशातील केळीचा पट्टा, उत्तर गुजरातचे सोळंकीकालीन शिल्प आणि हरियाणातील जाटांचे गाव यांच्यात भेद उरत नाही.

प्रश्न एवढाच नाही की पत्ता चुकतो. प्रश्न हा आहे की स्वतंत्र भारतात, स्वतःचे राज्य आणि स्वतःची राजभाषा असलेल्या महाराष्ट्रात, गावाचे नाव कोणत्या अक्षरांत प्रमाण मानायचे? गावकऱ्यांच्या जिभेवर आहे ते, की साहेबाच्या दौतीतून उतरले ते?

दौतीतून उतरलेली गावे

ज्या वर्षी बहिणाबाई जन्मल्या त्याच वर्षी, १८८० मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. हा खंड खान्देशचा. जेम्स कँपबेल या सनदी अधिकाऱ्याच्या संपादनाखाली झालेले हे काम प्रचंड आहे, त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. खान्देशचा इतिहास लिहिणारा कोणीही आजदेखील त्याची पाने उलटल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. पण त्या ग्रंथाचा हेतू राज्यकारभार सोपा करणे हा होता, खान्देशी माणसाला स्वतःचे गाव ओळखता यावे हा नव्हता. सारा वसूल करणाऱ्याला, पलटण हलवणाऱ्याला, आगगाडीचा आराखडा आखणाऱ्याला जे नाव उच्चारता येईल ते नाव तेथे छापले गेले. निदान त्या ग्रंथात दीर्घ ‘आ’साठी अक्षरावर खूण तरी दिली जात होती. पुढच्या कारकुनांनी तीही गाळली.

भारतीय नावे रोमन लिपीत कशी लिहावीत याची सरकारी पद्धत आजही हंटर यांच्या नावाने ओळखली जाते. विल्यम विल्सन हंटर हे ‘इंपीरियल गॅझेटियर’चे संपादक, एकोणिसाव्या शतकातील वसाहतवादी प्रशासनाचे एक कर्तबगार चाकर. त्यांच्या पद्धतीत ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच अक्षर, ‘त’ आणि ‘ट’ यांना एकच. पाणिनीच्या देशात, जेथे मुलाला मुळाक्षरे शिकवतानाच कोणते अक्षर दातांशी उमटते आणि कोणते टाळूशी हे सांगितले जाते, तेथे दंत्य आणि मूर्धन्य यांतील फरक नकाशावरून पुसला गेला. आणि ज्यांनी पुसला ते निघून गेल्यावर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो परत आणावा असे कोणाला वाटले नाही!

बरे, एवढ्यावर थांबते तर एक वेळ चालले असते. खरा अनर्थ पुढच्या पायरीवर होतो. रोमन अक्षरांतील यादी हीच मूळ यादी मानली जाते आणि तिच्यावरून पुन्हा देवनागरी तयार केली जाते. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत, हिंदीतून पुन्हा मराठीत असा नावाचा वनवास सुरू होतो. परतताना ‘अमळनेर’चे ‘अमलनेर’ झालेले असते, ‘चाळीसगाव’चे ‘चालीसगांव’, ‘पाळधी’चे ‘पालधी’. धुळ्याचे तर आधी ‘धुलिया’ झाले, मग ‘धुले’. ज्या ‘ळ’ने मराठीला तिचा कणखर नाद दिला तो ‘ळ’ दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांवरून रोज थोडा थोडा झिजतो आहे. असोद्याचे ‘असोडा’ होणे हे याच रोगाचे लक्षण.

मुंबईकरांनी यात पुढचा क्रमांक पटकावला आहे. मुंबई बेटाची हद्द जेथे संपत होती त्या जागेला लोक ‘शीव’ म्हणत. शीव म्हणजे गावाची सीमा. मराठी शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परकीयांच्या कानाने ऐकून, परकीयांच्या लिपीत लिहून त्याला जे रूप मिळाले ते पाहून आज एखाद्याला वाटावे की जेरुसलेमच्या टेकडीचे नाव येथे आणले असावे. आणि दादर-माटुंग्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी माणूस ‘सायन’ म्हणतो! स्वतःच्या शिवेचे नाव ज्याला परभाषेतून वाचावे लागते, त्याने अभिजाततेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दिवशी गावोगाव पेढे वाटले गेले. आनंद रास्तच होता. पण पेढे वाटून झाल्यावर कोणी आपल्या गावाच्या वेशीवरची पाटी वाचून पाहिली का?

पूर्वजांनी काय केले होते

एकाच नावाची अनेक गावे असणे ही काही आजची अडचण नाही. जेथे पिंपळ तेथे पिंपळगाव, जेथे वड तेथे वडगाव. निसर्गाने दिलेली नावे निसर्गासारखीच वारंवार येणार. मराठी मुलखाने त्यावर आपला उपाय शोधला होता, आणि तो कोणत्याही क्रमांकाहून बोलका होता. पाचोरा तालुक्यातले पिंपळगाव हरेश्वराचे झाले, नाशिककडचे बसवंताचे. खान्देशचे जळगाव वेगळे आणि वऱ्हाडातले जामोदशेजारचे ‘जळगाव जामोद’ वेगळे. धुळे तालुक्यात नेर आहे, यवतमाळकडचे ते ‘नेर परसोपंत’. शिरपूर धुळ्याकडे, तर वाशिमचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र ‘शिरपूर जैन’. साने गुरुजींची कर्मभूमी असलेले अमळनेर खान्देशात, आणि बीड जिल्ह्यातले ‘अंमळनेर भांड्याचे’. भुसावळजवळच्या कुऱ्ह्याला लोकांनी पानाचे कुऱ्हे म्हटले. हा एकच शब्द पानमळ्यांची आठवण आजही जिवंत ठेवतो. जेथे असे काही सुचले नाही तेथे परगण्याचे नाव जोडले, किंवा मग बुद्रुक आणि खुर्द होतेच.

बुद्रुक आणि खुर्द हे दोन्ही शब्द फारशी वळणाचे आहेत, हे येथे लपवण्याचे कारण नाही. एक थोरला, एक धाकटा, एवढाच त्यांचा अर्थ. भाषाशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्यालाही मान्य करावे लागेल की मराठी माणसाने ते पचवून इतके आपले केले की आज त्यांचे मूळ कोणाच्या ध्यानीमनी येत नाही. आणि हरियाणातल्या आसौद्यांनी टोडरान आणि सिवान हे शब्द जोडून जे केले ते याहून निराळे नाही. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या दोन प्रांतांतील शेतकरी एकाच युक्तीवर येतात, कारण त्यांच्या दृष्टीने नाव हे जमिनीला चिकटलेले असते, कागदाला नव्हे.

स्वातंत्र्यानंतर ही अडचण देशपातळीवर सोडवली तीही एका मराठी माणसाने. पत्रे चुकत होती. कारण गावे सारख्या नावांची, लिहिणाऱ्यांच्या भाषा अनेक आणि हस्ताक्षरे त्याहून अनेक. दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकड्यांचा पिन क्रमांक आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशभर लागू झाला. वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, ही गोष्ट आज फारच थोड्यांना ठाऊक आहे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारी जिल्ह्याचा आणि अखेरचे तीन टपाल कचेरीचे. चार या आकड्याने आरंभ झाला की पत्र महाराष्ट्र, मध्य प्रदेश या पट्ट्यात आले. ४२५ दिसले की ते जळगावच्या बाजूला वळले. हरियाणाच्या आसौद्याचा क्रमांक एकाने सुरू होतो, गुजरातच्या असोड्याचा तीनने. बहिणाबाईंच्या माहेरचे पत्र मेहसाण्याला जाण्याची भीती संपली. ज्याच्या जिभेवर संस्कृत श्लोक होते त्याने कोणाचेही नाव न बदलता, कोणाच्याही लिपीवर हात न टाकता हा गुंता सोडवला.

त्यानंतर आकडे वाढतच गेले. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६ लाख ४० हजार गावांपैकी प्रत्येकाला सहा आकडी संकेतांक मिळाला. पंचायत राज मंत्रालयाच्या सूचीत आणखी एक क्रमांक आहे, भूमी अभिलेखांत आणखी एक. यंत्राला आता संभ्रम उरलेला नाही. आणि म्हणूनच रोमन लिपीची सबबही उरलेली नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. ओळख पटवण्याचे काम आकडा करीत असेल, तर नाव शुद्ध मराठीत लिहिण्यात अडचण कोणती? पूर्वी निदान असे म्हणता येत होते की तारखात्याला, रेल्वेला, लष्कराला एक समान लिपी हवी. आज ती गरज संकेतांकाने भागते. तरीही सरकारी संगणकप्रणालीत इंग्रजी रकाना आधी भरला जातो आणि मराठी रकाना यंत्राकडून आपोआप भरून घेतला जातो. १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम कपाटात आहे आणि गावाचे नाव यंत्राच्या मर्जीवर आहे.

वांग्याचे भरीत आणि कायदा

कोणी म्हणेल, एका अक्षराने एवढे काय बिघडते? ज्याला भावनेची भाषा पटत नाही त्याने बाजाराची भाषा ऐकावी. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असोदे, बामणोद या परिसरातील हिरवे, लांबोडे, काट्याकुट्यावर भाजले की सालीतून अलगद सुटणारे ते वांगे ज्याने खाल्ले आहे त्याला मानांकनाच्या कागदाची गरज नाही. पण व्यापाराला असते. या मानांकनाचा सारा जीव स्थळाच्या नावात असतो. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात दहावे कलम खास समनाम स्थळांसाठी आहे: दोन ठिकाणांचे नाव एक असेल तर दोघांचीही नोंद होऊ शकते, मात्र ग्राहकाची फसगत होणार नाही अशा रीतीने त्यांतला फरक दाखवता आला पाहिजे आणि दोन्हीकडच्या उत्पादकांना न्याय मिळाला पाहिजे.

जगात या प्रश्नावर मोठे झगडे झाले आहेत. स्पेनमधील रिओहा हा प्रांत मद्यासाठी विख्यात. अर्जेंटिनातही त्याच नावाचा प्रांत आहे आणि तेथेही द्राक्षे पिकतात. स्पेनच्या उत्पादकांनी न्यायालयात धाव घेतली. २०११ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायालयाने निर्णय दिला की आपल्या देशाचे नाव स्पष्ट जोडून अर्जेंटिनाचे उत्पादक ते नाव वापरू शकतात. आपल्याकडे रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा यांच्यात जे रंगले ते सर्वश्रुत आहे; अखेर २०१७ मध्ये ‘बांगलार रसोगोल्ला’ आणि २०१९ मध्ये ‘ओडिशा रसगोला’ अशी दोन स्वतंत्र मानांकने झाली. दोन्ही प्रांतांनी आपापला उच्चार तसाच राखला आणि त्या उच्चारातच त्यांचा हक्क सुरक्षित राहिला. ज्या गावाने आपले नाव कसे लिहायचे हेच ठरवलेले नाही, त्याने उद्या आपल्या शेतमालाला गावाचे नाव लावायचे तर ते कोणत्या अक्षरांत लावायचे? असोदे, आसोदे, असोदा, आसोदा: चारही रूपे छापील कागदांवर सापडतात.

घरच्यांची चूक

परकीयांवर आणि कारकुनांवर खापर फोडून हात झटकता येतील, तर ते सोपे होईल. पण नावांच्या बाबतीत राष्ट्रीय विचारांच्या गोटातही एक व्यसन बोकाळले आहे आणि त्याचीही झडती घेतली पाहिजे. ते व्यसन म्हणजे नादसाम्यावरून इतिहास रचणे. जगाच्या नकाशावर कोठेही ओळखीचा उच्चार दिसला की तेथे आपले पूर्वज गेले होते असे ठोकून द्यायचे. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, अमुक म्हणजे तमुक. व्याख्यानात टाळ्या मिळतात, श्रोते सुखावतात, आणि विरोधकांना हसण्यासाठी आयते कारण मिळते. ज्या संस्कृतीने यास्काचे निरुक्त निर्माण केले, शब्दाच्या व्युत्पत्तीला वेदांगाची प्रतिष्ठा दिली, तिच्या अभिमान्यांनी असल्या कोट्यांना संशोधन म्हणावे हे लाजिरवाणे आहे.

तामिळनाडूत सेलम नावाचे मोठे शहर आहे. त्याचे नाव अभ्यासक शैल, म्हणजे डोंगर, या शब्दाशी जोडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात, १६९२ च्या चेटकीण-खटल्यांमुळे कुप्रसिद्ध झालेले याच वर्णांचे गाव आहे. ते नाव शांतीवाचक हिब्रू शब्दावरून आले. अक्षरे तीच, पण एक डोंगराचे नाव आणि दुसरे बायबलमधले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला ‘बॉम्बे’ नावाचे गाव आहे. तेथे ना कोळी गेले ना पाठारे प्रभू. १८६३ मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या जहाजाचे नाव बॉम्बे होते, तेच गावाला पडले. दिल्लीच्या दक्षिणेला असोला-भट्टी अभयारण्य आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात असोला-मेंढा तलाव. कोणी यांवरून यमुना आणि वैनगंगा यांचा संबंध जोडू लागला तर त्याला थांबवावे लागेल. वटपद्रावरून वडोदरा हे नाव आले हे ताम्रपटांच्या आधारे सांगता येते. असोदे, कासोदे, वाघोदे, आमोदे या खान्देशी नावांच्या शेवटीही तसाच काही जुना शब्द दडला असेल, आणि लेवा समाजात गुजरातेतून आल्याची परंपराही सांगितली जाते. पण ताम्रपट हाती येईपर्यंत मेहसाण्याचे असोडा आणि जळगावचे असोदे यांचे नाते जुळवण्याची घाई नको.

ही सावधगिरी केवळ विद्वत्तेची चैन नव्हे. तिच्या अभावी खान्देशने आपला सर्वांत मोठा पुत्र जवळजवळ गमावला होता. भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मले. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्या ग्रंथात त्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे असल्याचे सांगितले आहे आणि त्याचे नाव विज्जडविड असे दिले आहे. पुढे काहींना विज्जडविड आणि विजापूर यांत नादसाम्य दिसले आणि भास्कराचार्य विजापूरचे ठरले! पाठ्यपुस्तकांतून ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. विजापूर सह्याद्रीपासून किती दूर आहे, हे नकाशा उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

पुरावा मात्र चाळीसगाव तालुक्यातच उभा होता. पाटणे येथील देवीच्या मंदिरातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांसमोर आणला. इ.स. १२०७ च्या या लेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सामंतांनी त्याला दाने दिली, असे लेख सांगतो. लेखाचा आरंभ संस्कृतात आणि शेवट तत्कालीन मराठीत आहे. देणग्यांचा तपशील सामान्य रयतेला कळावा हा त्यामागचा हेतू उघड आहे. शासनाने जनतेशी जनतेच्या भाषेत बोलावे ही गोष्ट आठशे वर्षांपूर्वीच्या निकुंभांना कळत होती.

आता पाहा, ‘पाटण’ हेही नाव किती ठिकाणी आहे! गुजरातचे पाटण, साताऱ्याचे पाटण, नेपाळातले पाटण. सगळी पत्तन या एका शब्दाची लेकरे, पण प्रत्येकाचे घर वेगळे. आणि चांगदेव? मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तेथे योगी चांगदेवांचे स्थान आहे. तो योगी निराळा, भास्कराचार्यांचा नातू निराळा. दोघेही खान्देशशी जोडलेले, दोघेही यादवकाळातले. त्यांची सरमिसळ करणारा लेख वर्षाकाठी एक तरी छापून येतोच.

बहिणाबाईंच्या वाट्यालाही हे आले. तुकोबांच्या शिष्या, १६२८ ते १७०० या काळातल्या, देवगावी जन्मलेल्या आणि शिऊरला समाधिस्थ झालेल्या संत बहिणाबाई या एक. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी या दुसऱ्या. दोघींत जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर. तरी शाळेच्या स्नेहसंमेलनात एकीचे चित्र आणि दुसरीचा अभंग असा देखावा दिसतो. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले तेव्हा नावाआधी ‘कवयित्री’ आणि नंतर ‘चौधरी’ हे दोन्ही शब्द आवर्जून ठेवले. तेच पानाचे कुऱ्हे, तीच हरेश्वराची पिंपळगावे. त्यांच्या भाषेबद्दलही असेच. ती लेवा गणबोली आहे. सर्रास तिला अहिराणी म्हटले जाते. दोन्ही खान्देशच्या, दोन्ही गोड, पण एक म्हणजे दुसरी नव्हे. जो अहिराणी बोलतो त्याला हा फरक लगेच कळतो, जो लेवा बोली बोलतो त्यालाही. न कळणारा असतो तो पुण्या-मुंबईत बसून खान्देशावर लिहिणारा.

ग्रामसभेपुढचा ठराव

गावाचे नाव बदलायचे असेल तर राज्य शासनाचा प्रस्ताव आणि केंद्रीय गृहमंत्रालयाची संमती लागते. त्यासाठीचे निर्देश १९५३ पासून आहेत. त्यांत एक वाक्य असेही आहे की नवे नाव देताना राज्यात किंवा शेजारी त्याच नावाचे दुसरे गाव नाही ना, हे पाहावे. सत्तर वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांनाही समनामाचा गोंधळ दिसत होता. संत मुक्ताईच्या नावाने एदलाबादचे मुक्ताईनगर झाले तेव्हा तेलंगणच्या आदिलाबादशी होणारी जुनी गल्लतही संपली, हा त्या निर्णयाचा सहसा न सांगितला जाणारा लाभ.

असोद्याचे नाव मात्र बदलायचे नाही. ते फक्त नक्की करायचे आहे. त्यासाठी आंदोलन नको, मोर्चा नको. गावातील वडीलधाऱ्यांच्या तोंडचा उच्चार ऐकून, जुने सातबारे आणि शाळेची दाखलपुस्तके पाहून ग्रामसभेने एक रूप ठरवावे आणि ठराव तहसीलदारांकडे पाठवावा. भूमी अभिलेख, टपाल खाते, महामंडळाची बस, रस्त्यावरची पाटी, या सर्वांनी ते देवनागरी रूप मूळ मानावे. रोमन लिपीत काय लिहायचे ते त्या रूपावरून ठरावे, उलट नव्हे. हे काम एका गावापुरते नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, वाचनालयांनी मनावर घेतले तर प्रत्येक तालुक्याची शुद्ध नामसूची एका उन्हाळ्यात तयार होईल. कोणत्या पिंपरीला परगण्याचे कोणते नाव होते, कोणत्या सावखेड्याला बुद्रुक का म्हणतात, हे सांगणारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. त्यांतली बरीच ऐंशीच्या पुढची आहेत.